बोलायची पाळी

नियम गटाच्या कॅप्टननेच केला होता: ज्याच्या हातात पाना, त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. प्रोजेक्टचा विषय आजच ठरायचा होता, आणि तासभर पाना कॅप्टनच्याच मुठीत होता. गटातल्या गप्प पोराने पुन्हा हात पुढे केला. “मुक्या, तुला कशाला रे? नट आवळायला?” कॅप्टन म्हणाला. सगळे खिदळले. मुक्याने पाना हिसकावला. कॅप्टनने त्याची मान धरून तोंड टेबलावर आपटलं. ओठ फाटला, पण मूठ सुटली नाही. दुसऱ्यांदा आपटायच्या आत मुक्याने पाना फिरवला. कॅप्टन तोंड दाबत फरशीवर बसला. “पायाने चालवायचा पंप,” मुक्या रक्त गिळत म्हणाला, “वीज गेली तरी पाणी.” कॅप्टनने तळहातावर दात थुंकला, बोटाने उलटवून पाहिला. “पण म्हाताऱ्या माणसाला दाबता येईल तो?” “येईल,” मुक्या म्हणाला. उत्तर महिनाभर तयार होतं, विचारणाराच नव्हता.