मॅडमची सेक्रेटरी

"रफू स्टुडिओ, बोला. मॅडम मीटिंगमध्ये आहेत," मी आवाज नाजूक करून म्हणाले. मॅडम मीच, सेक्रेटरीही मीच आणि स्टुडिओ म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी. पण एवढा थाट दाखवल्याशिवाय मोठी गिऱ्हाइकं फिरकत नाहीत, अशी माझी ठाम समजूत होती.

फोनवरच्या बाई रडवेल्या झाल्या होत्या. लेक आजीचा शालू नेसून बोहल्यावर चढणार होती आणि उंदराने तो ऐन निऱ्यांवर कुरतडला होता.

माझं नाटक तिथेच संपलं. "नवा धागा घालू देऊ नका हो कुणाला, तो उठून दिसतो! नेसताना आत खोचतो ना, त्या टोकाचे धागे काढायचे आणि त्यांनीच भोक विणून भरायचं. उद्याच घेऊन या."

मग मी जीभ चावली. सेक्रेटरीला एवढं कसं माहीत?

बाई हळूच म्हणाल्या, "मॅडमना सांगू नका, पण शालूला हात तुम्हीच लावा."

वीस वर्षं सुई चालवतेय, पण एवढा मान मला कुणी दिला नव्हता.

"लावते, ताई," मी म्हणाले, माझ्याच आवाजात.