ओलाम म्हणजे कुठवर

“सदासर्वकाळ. पुढची ओळ घ्या,” अध्यक्ष म्हणाले.

ती काही पुढची ओळ घेईना. टेबलाशी तिघंच होते: पवित्र शास्त्राच्या नव्या भाषांतराचे अध्यक्ष, कॉलेजात हिब्रू शिकवणारे प्राध्यापक आणि ती. खाली प्रार्थनागृह, वर ही खोली. अध्यक्ष खालचे पाळकही होते आणि तिचे वडीलही. पण या खोलीत नाती आणायची नाहीत, हा त्यांचाच दंडक. इथे ती त्यांना सर म्हणायची.

आज्ञा अशी होती की मवाब देशातल्या परक्या माणसाने मंडळीत पाऊल टाकू नये, ओलामपर्यंत; या हिब्रू शब्दालाच अध्यक्ष ‘सदासर्वकाळ’ म्हणत होते. याच आज्ञेवर बोट ठेवून अध्यक्षांनी बाहेरच्या धर्मातली सून दारातून परत पाठवली होती. तिच्यामागोमाग मुलगाही पायऱ्या उतरला, तो पुन्हा इकडे फिरकला नाही. आता आईने अंथरूण धरलं होतं. रविवारी मला उचलून का होईना खाली न्या आणि मुलगा-सून माझ्या शेजारी बसू द्या, एवढंच तिचं मागणं होतं. त्यावर अध्यक्षांनी नेहमीचा सुस्कारा सोडला होता. माझ्या हातात असतं तर आजच बोलावलं असतं, पण वचनापुढे माझं काय चालतंय, असं ते म्हणाले. हे ऐकून ऐकून मुलीचे कान किटले होते.

“ओलाम म्हणजे नजरेपलीकडचा काळ,” ती म्हणाली. “शेवट दिसत नाही म्हणजे तो नसतोच, असं नाही.”

प्राध्यापकांनी चहाच्या कपात तोंड खुपसलं. बापलेकीच्या मध्ये पडायला ते काही खुळे नव्हते.

देवाच्या शब्दात पळवाटा शोधू नयेत, असं अध्यक्षांनी शांतपणे सुनावलं. मग तिने शास्त्रातल्याच योना संदेष्ट्याला पुढे केलं. माशाच्या पोटातून तोही म्हणतो की मी ओलाम कोंडला गेलो. बाहेर कधी आला? तिसऱ्या दिवशी, हे अध्यक्षांना कबूल करावं लागलं. शास्त्राच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पण योना घाबरून बोलत होता, ही आज्ञा आहे, असं त्यांनी वर जोडलं.

बरं, आज्ञाच घेऊ, ती म्हणाली. मालकाचं घर न सोडणाऱ्या गुलामाचा कान दाराशी टोचावा आणि त्याने ओलाम चाकरी करावी, ही आज्ञाच ना? मग मेल्यावरही राबतो का तो?

प्राध्यापकांना ठसका लागला. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. इतकी वर्षं ज्या शब्दाने हात बांधले होते तो सैल झाला, तर माणूस उठून आजारी बायकोकडे धावेल. अध्यक्ष मात्र खुर्चीत आणखी आत सरकले.

“घाई नको,” ते म्हणाले. “पुढच्या बैठकीत बघू.”

आई पुढच्या बैठकीपर्यंत थांबेल की नाही, कोणी सांगावं. मुलीला संताप आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. तिने हिब्रूचं पुस्तक मिटलं, खुर्ची मागे सारली आणि खोलीचा दंडक मोडला.

“बाबा, मी दादाला फोन करतेय. रविवारी तो वहिनीला घेऊन येईल. अडवायचं असेल तर दारात स्वतः उभे राहा, देवाला उभं करू नका.”