शेवटची गाठ

लांबलचक पिशवीत एक गोरा सोल्जर आडवा झाला आणि सार्जंटाने पायाकडून दोरी ओवायला घेतली. गुडघे झाले, पोट झालं, छाती झाली. झहूर सुई हातात धरून गालात हसत होता. आपण शिवलेली वळकटी कुणी वापरून बघतंय, कारागिराला आणखी काय हवं? मग दोरी हनुवटीवरून नाकावर गेली, नाकावरून कपाळावर, आणि शेवटच्या भोकातून सार्जंटाने ती घट्ट ओढली. आत पोरगं खिदळत होतं. झहूरचं हसू मात्र तिथेच विरलं.

झोपायच्या वळकटीत तोंड कोण झाकतं?

झहूर दाभोळचा, आज्यापासून शिडं शिवणाऱ्या घरातला. भर समुद्रात गलबताचे म्होरके महबूब तांडेल वारले तेव्हा जुन्या शिडाच्या तुकड्यात त्यांना यानेच शिवलं होतं. म्हणजे हे माप हातांना ठाऊक होतं. सहा फूट दोन इंच, जाड कॅनव्हास, कडेने पितळी भोकं. तरी सत्तेचाळीस शिवून झाल्या! मेल्या, अक्कल काय दर्यात बुडवून आला होतास?

"अशरफभाय," त्याने हाक मारली, "ही सोल्जरांची बिस्तरं म्हणालास ना तू?"

अशरफ चिपळूणचा, मीना अल-अहमदीच्या या गोदामातला हेडक्लार्क. कुवेत स्वतंत्र होऊन पुरता महिना झाला नव्हता, तोच शेजाऱ्याने डोळे वटारले आणि तेल राखायला गोऱ्यांची फौज उतरली. त्या घाईत अशरफनेच झहूरला हे काम लावून दिलं होतं. अठ्ठेचाळीस नग पुरे केले की पक्की नोकरी, आणि पक्की नोकरी मिळाली की बायकोला आणायची परवानगी. फखरुन्निसा सहा वर्षं दाभोळात वाट बघत होती. टाईप केलेलं पत्र आत्ता अशरफच्या हातात होतं. साहेबाची सही तेवढी राहिली होती.

"एकच राहिलीय ना? शीव आणि मोकळा हो," अशरफ खाली मान घालून म्हणाला. "लढाई होईलच असं नाही रे."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

तेवढ्यात गोदामाचा मुख्य, विल्मट साहेब आला. मुंबईच्या गोदीत पंधरा वर्षं काढलेला हा माणूस हिंदुस्थानी बोलायचा, मोडकं पण बेधडक. सार्जंट पिशवीतल्या पोराला मोकळं करून बाहेर घेऊन गेला आणि साहेबाने रिकामी पिशवी उचलून शिवण ओढून पाहिली.

"फर्स्ट क्लास काम!"

"साब, ये मुर्दे के वास्ते है?"

"अरे, डरो मत. तेल का सौ पीपा भेजता, दो लीक होता. होता ना? फौज का भी वैसाच. हिसाब पहले से पकड़ना पड़ता." आणि खिशातून पेन काढून त्याने पत्रासाठी अशरफपुढे हात केला.

दारातून बाहेरचा ट्रक दिसत होता. उन्हाने नाकाची सालं निघालेली पोरं वाळूची पोती चढवत होती, एकमेकांच्या टोप्या उडवत होती. ही पिंपं! आणि पिंप गळायच्या आधीच खाली धरायचं भांडं कोण शिवतोय, तर झहूर. थू तुझ्या कारागिरीवर!

"साब, सही के पहले एक बात. वो नाम की बात याद है?"

साहेबाला आठवेना. झहूरने आठवण करून दिली. शिडाची शेवटची गाठ नावाशिवाय मारायची नाही, ही त्याच्या घरातली रीत. गलबत नेणाऱ्या नाखव्याचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, या अल्लाह, याला सुखरूप घरी आण. पहिल्या दिवशी त्याने विचारलं होतं, नाव कुणाचं घेऊ? तेव्हा साहेब पोट धरून हसला होता. म्हणाला होता, मेरा नाम लो!

"तो मैंने लिया," झहूर म्हणाला. "हर गाँठ में."

"सब में?"

"सैंतालीस में आपका नाम है, साब."

तव्याला बोट लागावं तसा साहेबाने पिशवीवरचा हात मागे घेतला. तोंड पांढरंफटक पडलं. काय हो हा माणूस! दोन टक्क्यांचा हिशेब सांगताना पापणी हलली नव्हती.

"खोलो! सब खोलो! दूसरा नाम डालो!"

"किसका?"

"उन लोग का!" साहेबाने ट्रककडे बोट केलं.

"बोलिए साब. एक एक नाम बोलिए."

साहेब ट्रककडे बघत राहिला. मग त्याने अशरफकडे पाहिलं. अशरफने जमिनीकडे पाहिलं. बाहेर पोरं कसल्याशा गाण्यावर ओरडत होती आणि त्यातल्या एकाचंही नाव या दोघांना ठाऊक नव्हतं.

झहूरने सुई रेटायला तळहातावर बांधलेलं चामडं सोडलं, सुई त्यात खोचली आणि दोन्ही अर्धवट अठ्ठेचाळिसावीवर ठेवलं.

"तो फिर आपका ही रहने दो," म्हणून तो दाराकडे चालू लागला.

"झहूर, वेडा झालास?" अशरफ पत्र नाचवत मागे धावला. "फखरुन्निसाचा तरी विचार कर!"

"तिचाच करतोय. तिला इथे आणून काय सांगू, मी काय शिवतो म्हणून?"

उंबऱ्यावर त्याने एकदाच मागे पाहिलं. पेन जमिनीवर पडलं होतं. विल्मट साहेब पिशव्यांच्या ढिगाशी गुडघे टेकून बसला होता आणि चाकूने पहिली गाठ उसवत होता.