काढ्यानंतरची अर्धी घटका

दोन्ही बाटल्यांनी सारखाच गुण दिला होता, आणि त्यातल्या एका बाटलीत नुसतं काताने रंगवलेलं पाणी होतं.

डॉक्टर नीलकंठ पुराणिकांनी वही मिटली. तीन वर्षं! ते देवासच्या एका सरदारांचे घरचे डॉक्टर. थकलेल्या स्नायूत आम्ल साचतं. ते झटपट उतरवणारी वनस्पती कुठेतरी असणारच, या एका वेडापायी १९०९ साली त्यांनी सरदारांकडून एक खोली मागून घेतली आणि तिची प्रयोगशाळा केली. शेकडो बेडकांचे पाय विजेच्या झटक्यांनी नाचवले. धार गावाकडच्या टेकड्या पालथ्या घातल्या. तिथल्या जमुनाबाई वैदिणीने एक मूळ दिलं, आणि ते घ्यायची रीतही दिली. "पिऊन झालं की अर्धी घटका भिंतीला टेकून राहायचं, भिया. हात हलला की मूळ वाया गेलं."

मग माणसांवर प्रयोग सुरू झाला. सरदारांच्या मुदपाकखान्यात पाच बायका पहाटेपासून दळत. पहिला महिना काहीच न देता मोजलं: सकाळभरात बाईमागे तीन पायल्या. पुढे एक महिना मुळाचा काढा आणि एक महिना रंगीत पाणी. कोणत्या बाटलीत काय आहे हे डॉक्टरांनी कोणाला सांगितलं नाही. प्रयोगात उणं राहू नये म्हणून रीत मात्र दोन्हीला एकच ठेवली. काढ्याच्या महिन्यात दळण चार पायल्यांवर गेलं, तेव्हा डॉक्टरांना आभाळ ठेंगणं झालं होतं. पाण्याच्या महिन्यातही ते चारच राहिलं.

म्हणजे मूळ कुचकामी. सरदारसाहेबांना तसं लिहून द्यायचं, की खोलीला कुलूप. डॉक्टरांना राग आला नाही, रडूही आलं नाही. नुसता थकवा आला. तीन वर्षं थकव्याचा अभ्यास करायचा आणि स्वतःच्या थकव्यावर साधा उपाय सुचू नये, याचं एरवी त्यांना हसू आलं असतं.

ते मुदपाकखान्यात गेले. बायकांचं औषध नुकतंच झालं होतं. पाचहीजणी जात्यांपासून सरकून भिंतीला टेकल्या होत्या. त्यांतली सगळ्यांत वयस्कर जानकीबाई पाय लांब करून, डोळे मिटून बसली होती.

"उद्यापासून काढा बंद," डॉक्टर म्हणाले. "गुण नाही त्यात. हा महिनाभर तर मी तुम्हाला नुसतं पाणीच पाजलं."

"ते मालूम होतं हो, साहेब," जानकीबाई डोळे न उघडता म्हणाली. "पहिल्या घोटालाच कळलं. कात काय आम्ही कधी खाल्ला नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"कायको बोलायचं? पाणी आहे म्हटलं असतं, तर कारभाऱ्यांनी तिथल्या तिथे उठवलं असतं. वीस बरस दळतेय, साहेब. जरा टेकले की कामचोर म्हणतात. पण औषध घेतलेल्या बाईला कोणी उठवत नाही. घरी सासूसुद्धा नाही."

डॉक्टर जानकीबाईसमोर उकिडवे बसले. दमलेल्या स्नायूला नुसता विसावा दिला तरी आम्ल उतरतं, हे त्यांनी स्वतः शंभरदा पाहिलं होतं. बेडकाच्या पायालाही ते दर खेपेला नेमाने विसावा देत. काखेत कळसा आणि धारपर्यंत वळसा! त्यांनी त्या पाचजणींचे हात आज पहिल्यांदा नीट पाहिले. मनगटं सुजून टम्म झाली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात कारभारी दत्तोपंत दारात आले. "काय डॉक्टर, दळण खोळंबलंय. मुळाचं काय ठरलं?"

"निरुपयोगी आहे. आजच तसं लिहून देतो."

"मग तुमची खोली गेली म्हणायची." दत्तोपंतांना खरोखरच वाईट वाटलं. मग ते बायकांकडे वळले. "चला, उठा. औषध नाही, तर हे टेकणंही नाही."

जानकीबाईने जात्याच्या खुंट्याला हात घातला.

"हात काढा, बाई," डॉक्टर म्हणाले. "दत्तोपंत, प्रयोग संपला, पण या घरचा डॉक्टर मी अजून आहे. या पाचजणींची मनगटं बघा. त्यांना आजपासून दुसरं औषध देतोय. दिवसातून दोनदा. रीत तीच, अर्धी घटका टेकून. कोणी मधे उठवलं तर पुढच्या दुखण्याला मी जबाबदार नाही."

दत्तोपंतांनी नाक मुरडलं. पण डॉक्टरी हुकूम मोडायची त्यांची छाती नव्हती.

"आणि हे किती दिवस चालायचं?"

"या घरात जातं आहे तोवर."