मागच्या वळणापर्यंत

घाटाच्या अरुंद वळणावर उसाचा ट्रॅक्टर समोर आला आणि वैजयंतानं एसटीचा ब्रेक करकचून दाबला. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागे जाणार कसा? एसटीच मागच्या रुंद वळणापर्यंत न्यावी लागणार होती. डावीकडे खोल दरी.

"बाई चालवतीय! आधी उतरा सगळे," कुणीतरी ओरडलं. बघता बघता गाडी रिकामी झाली. कंडक्टर गुरवदादा शिट्टी घेऊन मागे जाऊन उभे राहिले.

वैजयंतानं आरशात मागचा रस्ता पाहिला. रोज ड्युटी संपली की ती डेपोच्या मैदानात जुने टायर उभे करून त्यांच्यामधून गाडी मागे घ्यायची. टायर पडला की पुन्हा पहिल्यापासून. मेकॅनिक आधी फिदीफिदी हसायचे, मग हसून कंटाळले. पण तिथं टायर पडला तर कुणी मरत नव्हतं.

तिनं रिव्हर्स टाकला. शिट्टी वाजत राहिली, गाडी इंचाइंचानं सरकत राहिली. आरशात मागचं चाक पार कडेला आलं. तिनं स्टिअरिंग किंचित फिरवलं, टायरांमध्ये फिरवायची तसंच. चाक आत आलं.

मागच्या वळणावर गाडी कडेला थांबली आणि ट्रॅक्टर शेजारून घरघरत निघून गेला. माणसं खाली माना घालून चढू लागली. तेवढ्यात मागच्या लांब सीटवर आडवी झालेली एक म्हातारी जांभई देत उठून बसली.

"काय गं पोरी, गाडी का थांबलीय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"काही नाही, आजी," वैजयंता म्हणाली. "झोपा तुम्ही. स्टँड आला की उठवते."