फणसाआडचा चंद्र

गुंद गावात पुतळीकाकी एकटीच राहायची. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यावर पुन्हा साय धरली, तेव्हापासून संकष्टीचा चंद्र उगवला का, हे शेजारच्या देवकीला विचारावं लागे. चंद्र बघायच्या आधी घास तोंडात गेला तर व्रत मोडेल, एवढीच तिला भीती.

परवा बेळगावात डॉक्टरांनी लेझरनं ती साय फोडली. यंत्राला हनुवटी टेकून ती लाल ठिपक्याकडं बघत गणपतीचं नाव घेत राहिली.

आज संकष्टीला दिवेलागणीलाच फणसाच्या फांद्यांआड चंद्र दिसला, स्वच्छ आणि वाटोळा. कुणाला हाक मारावी लागली नाही. तिनं अर्घ्य दिलं, हात जोडले आणि सावकाश जेवली.

ती ताट धूत होती तेव्हा कुंपणापलीकडून देवकी ओरडली, "काकी, आला बघा चंद्र!"

"मी कवाच बघितला गं. उपासबी सोडला."

"कवाच कसा? आत्ता तर डोंगरावर येतोय. नवा डोळा देवाच्या आधी बघतो व्हय?"

देवकी हसत आत गेली. काकीनं डोंगराकडं पाहिलं. चंद्र तिथं होता, चतुर्थीचा, एका बाजूनं झिजलेला.

मग ती हळूच फणसाकडं वळली. तो वाटोळा उजेड अजून तिथंच होता.

फक्त आता तो फांद्यांच्या अलीकडं आला होता.