बाईंची सही

पतसंस्थेचे चेअरमन खोचरे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले, तेव्हा वकील सुलभाताईंनी शांतपणे चष्मा पुसला. वीस वर्षांपूर्वी याच माणसाने आपला घोटाळा त्यांच्या हिशेबनीस वडिलांच्या माथी मारला होता. तुरुंगातून सुटून आलेले वडील पुन्हा कधी घराबाहेर पडलेच नाहीत. सुलभाताईंनी फौजदारी वकिली धरली ती याच दिवसासाठी. सासरच्या आडनावामुळे खोचऱ्यांनी त्यांना ओळखलं नव्हतं.

आता आरोपी होत्या कॅशियर बुरुंगलेबाई, आणि सुलभाताई त्यांच्या वकील.

"खोट्या कर्जाच्या कागदांवर सह्या बाईंच्याच आहेत?" सुलभाताईंनी विचारलं.

"हो. सात मार्चला माझ्या केबिनमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत केल्या."

"नक्की?"

"शपथेवर सांगतो."

सुलभाताईंनी दवाखान्याचा दाखला न्यायाधीशांपुढे ठेवला. सात मार्चला बुरुंगलेबाई बाळंत झाल्या होत्या. खोचऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

महिन्याभरात बाई निर्दोष सुटल्या आणि खोचऱ्यांवरच गुन्हा दाखल झाला. त्या संध्याकाळी ते सुलभाताईंच्या ऑफिसात येऊन हात जोडून उभे राहिले.

"ताई, माझी केस तुम्हीच चालवा. मला दुसरं कुणी वाचवू शकणार नाही."

"नारायण मिठारी आठवतात?"

खोचऱ्यांनी बराच वेळ डोकं खाजवलं. "कोण हो?"

सुलभाताईंच्या वडिलांचं आयुष्य संपलं होतं आणि या माणसाला त्यांचं नावही आठवत नव्हतं. सुलभाताईंनी उठून दार उघडलं.

"आठवेल," त्या म्हणाल्या. "आत गेल्यावर वेळच वेळ असतो."